लातूर-नांदेडच्या घरांत गांडुळांना जागा हवी

अर्धापूरची केळी नांदेड-लातूरच्या घराघरांत खाल्ली जातात. साल मात्र घंटागाडीत जाते आणि तिथून लातूरकरांची वरवंटीच्या, नांदेडकरांची तुप्प्याच्या कचरा डेपोवर. ढिगाखाली हवा न मिळता ओला कचरा सडतो, दुर्गंधी सुटते, मिथेन वायू तयार होतो. त्याचा त्रास डेपोशेजारच्या गावांनी सोसायचा. खरे तर तीच साल घरातल्या एका क्रेटमध्ये गांडुळांच्या मदतीने दोन-तीन महिन्यांत उत्तम खत होऊ शकते, आणि ते होताना पाहण्यात मोठा आनंद आहे.

हा आनंद चार्ल्स डार्विनलाही ठाऊक होता. त्याने घरात कुंड्यांमध्ये गांडुळे पाळली, त्यांच्यासमोर पियानो वाजवून पाहिला. आवाजाची त्यांनी दखल घेतली नाही; पण कुंडी पियानोवर ठेवून सूर छेडताच कंपने जाणवून ती बिळात शिरली. कोणता पाला त्यांना जास्त आवडतो, याच्याही त्याने नोंदी ठेवल्या. १८८१ साली त्याने गांडुळांवर पुस्तक काढले, ते त्याचे अखेरचे.

ज्या घरात मुले आहेत, तिथे यापेक्षा चांगली प्रयोगशाळा नाही. गांडुळाला डोळे नाहीत, फुप्फुसे नाहीत. ते ओलसर त्वचेतून श्वास घेते. एकाच शरीरात नर-मादी दोन्ही असतात. बारीक, पिवळसर कोष सापडले, की समजावे, संसार नीट चालला आहे.

मांडणी सोपी आहे. तळाला व बाजूंना छिद्रे पाडलेले जुने क्रेट, त्यात नारळाच्या शेंड्या, वाळका पाला, वर्तमानपत्राचे तुकडे आणि जुने, अर्धवट कुजलेले शेण. ताजे शेण तापते, ते टाळावे. शेतातली खोल बिळे करणारी गांडुळे इथे रमत नाहीत. वरच्या थरात राहणारी आयसेनिया किंवा युड्रिलस जातीची लागतात. भाज्यांची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, निर्माल्य थोडे थोडे पुरत जावे. तेलकट-मसालेदार उरलेसुरले, मांस-मासळी, दूध-दही आणि फार लिंबू-कांदा नको. एवढे पाळले तर वास येत नाही. वास आलाच, तर खाणे जास्त झाले किंवा ओल वाढली असे समजून कोरडा पाला मिसळावा.

लातूरकर विचारतील, माणसांनाच पाणी नाही तिथे गांडुळांना कुठून? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहराचा हा प्रश्न रास्तच आहे. पण भाज्या-फळांच्या सालींत मुळातच भरपूर पाणी असते. गांडुळांची बरीचशी गरज त्यातूनच भागते. उन्हाळ्यात वर ओले गोणपाट टाकायला भाजी धुतलेले पाणीही पुरते. खरी काळजी घ्यावी लागते ती उन्हाची. पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा गच्चीवरचे क्रेट भट्टी होते आणि गांडुळे मरतात. म्हणून ते जिन्याखाली, न्हाणीघराजवळ, सावलीत हवे.

शिवाय पाण्याची टंचाई असलेल्या भागालाच या खताची जास्त गरज आहे. सेंद्रिय पदार्थ मिसळलेली माती ओल धरून ठेवते. तुळस, कढीपत्ता, जास्वंदाच्या कुंड्यांना पाणी कमी वेळा घालावे लागते.

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी ओला व सुका कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. सक्तीने ही सवय जेवढी लागली नाही, तेवढी गांडुळे लावतात, कारण प्लास्टिक त्यांच्या खाण्यात टाकायला कुणाचा हात धजत नाही. दोन्ही महापालिकांनी केवळ दंडाच्या नोटिसा काढण्यापेक्षा प्रभागनिहाय गांडुळे वाटावीत, शिकवायला माणूस पाठवावा. दोन्ही जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रे आहेत, त्यांची मदत घ्यावी.

नागरिकांनी मात्र महापालिकेची वाट पाहू नये. पावसाळ्यातली दमट हवा सुरुवातीला सोयीची असते. यंदाच्या पावसाळ्यात घरात एक क्रेट आणि मूठभर गांडुळे आणाच.