नीत्शे आणि न लिहिलेला ग्रंथ

फ्रीडरिश नीत्शे (१८४४–१९००) हा नाझींचा तत्त्वज्ञ, हा आरोप इतक्यांदा झाला आहे की तो करणाऱ्याला आता पुरावा द्यावासाही वाटत नाही. आक्षेपकाचे म्हणणे थोडक्यात असे: नीत्शेने अतिमानव उभा केला, करुणेला दुर्बलांचे हत्यार ठरवले, ‘सत्तेची आकांक्षा’ हा ग्रंथ लिहिला आणि हिटलरने त्याच्या अर्धपुतळ्याजवळ छायाचित्र काढून घेतले, मग शंका कसली? शंका पुष्कळ आहेत आणि पहिली त्या ग्रंथाविषयीच आहे.

हा ग्रंथ नीत्शेने पुरा केलेला नाही, छापलेला तर नाहीच. रोकेन गावच्या पाद्र्याचा हा मुलगा १८६९ मध्ये, चोविसाव्या वर्षी, बाझेलला प्राध्यापक झाला. प्रकृतीने साथ सोडल्यावर १८७९ मध्ये त्याने ते पद सोडले आणि पुढची दहा वर्षे झील्स-मारिया, नीस, तुरीन अशा ठिकाणी भाड्याच्या खोल्यांत राहून लिहिले. जानेवारी १८८९ मध्ये तुरीनला त्याचा तोल गेला, तो कायमचा. ‘सत्तेची आकांक्षा’ निघाला १९०१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

तो काढणारी त्याची बहीण एलिझाबेथ. तिने १८८५ मध्ये बर्नहार्ड फोर्स्टर या ज्यूद्वेष्ट्या प्रचारकाशी लग्न केले. भाऊ लग्नाला गेला नाही. ‘शुद्ध’ जर्मन वसाहत उभारायला हे जोडपे पॅराग्वेला गेले. तिथे कर्जात बुडालेल्या फोर्स्टरने १८८९ मध्ये आत्महत्या केली. बाई परतल्या आणि १८९४ मध्ये त्यांनी नीत्शे-अभिलेखागार काढले. हळूहळू आजारी भावाचे सारे कागद त्यांच्या ताब्यात आले. १९०१ च्या आवृत्तीत ४८३ टिपणे होती, १९०६ च्या आवृत्तीत १०६७. मांडणीसाठी नीत्शेचा १७ मार्च १८८७ चा एक आराखडा उचलला गेला. असे आराखडे त्याने कितीतरी केले होते आणि १८८८ मध्ये त्याने या नावाच्या ग्रंथाचा बेतच सोडून दिला होता. टिपणांतील शब्द त्याचेच आहेत, हे आक्षेपकाचे म्हणणे खरे. पण टाकलेल्या, खोडलेल्या, अर्धवट ओळी कापून, जोडून त्यांना मुख्य ग्रंथाचा मान देणे ही लेखकाची करणी नव्हे. पत्रांची गत याहून वाईट झाली. दुसऱ्यांना लिहिलेली पत्रे आपल्याला आली होती असे दाखवण्यासाठी बाईंनी मायन्यातली नावे शाईचे डाग पाडून नाहीशी केली. हे १९५० च्या दशकात कार्ल श्लेख्टाने उघड केले. इतके बाहेर आल्यावरही जो हा ग्रंथ पुरावा म्हणून पुढे करतो, त्याने नीत्शे वाचलेला नाही, नीत्शेची बहीण वाचली आहे.

बाकीचे आक्षेप फार वेळ टिकत नाहीत. ज्यूद्वेष्ट्या ओरडखोरांना देशाबाहेर घालवावे, अशी सूचना त्याने १८८६ च्या ‘बऱ्यावाइटापलीकडे’मध्ये केली आहे. प्रशियाचे नागरिकत्व त्याने बाझेलला जाताना सोडले. त्या छायाचित्रासाठी हिटलर आला, तेव्हा नीत्शे जाऊन तीन दशके उलटली होती. यजमान एलिझाबेथच होत्या. संतांनी टाळ कुटायला शिकवून महाराष्ट्र दुबळा केला, हा आपल्याकडचा जुना वाद याच घाटाचा होता: परिणाम आधी धरायचा आणि कारण ग्रंथात शोधत बसायचे.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि आक्षेपक नेमका तोच विसरतो. १८८८ मध्ये नीत्शेने लुई जाकोलिओच्या बेभरवशाच्या फ्रेंच अनुवादातून मनुस्मृती वाचली आणि ‘ख्रिस्तविरोधी’मध्ये तिच्या उतरंडीची तारीफ केली. चांडाळांवर मनूने लादलेले क्रूर नियम त्याला ठाऊक होते; त्याच वर्षीच्या दुसऱ्या पुस्तकात त्याने ते घृणेने नोंदवले आहेत. तरीही त्याने तारीफ केली. याचा दोष बहिणीवर ढकलता येत नाही. ज्यांच्या पूर्वजांनी ती उतरंड भोगली, त्यांनी यासाठी नीत्शेला धारेवर धरावे. तो त्यांचा हक्क आहे.

तरी त्याचे मोलाचे काम उरतेच. १८८७ च्या ‘नीतीची वंशावळ’मध्ये त्याने विचारले, की चांगले-वाईट ठरवणारी मूल्ये कोणाच्या गरजेतून, कोणाच्या सुडातून जन्मली? हा प्रश्न मनूलाही लागू पडतो आणि नीत्शेलाही. नीत्शे पारखायचा तर त्याची टिपणे ज्या क्रमाने लिहिली त्या क्रमाने वाचावी लागतात. जॉर्जो कोल्ली आणि माझ्झिनो मोंतिनारी यांच्या संपादनाखाली १९६७ पासून निघालेल्या चिकित्सक आवृत्तीत ती तशीच छापली आहेत. त्या आवृत्तीत ‘सत्तेची आकांक्षा’ नावाचा ग्रंथ नाही.