भत्ता आला, संप गेला

हजेरीपट : कामगारविश्वावरचं साप्ताहिक सदर

काशीत पेशव्यांच्या बालाजी घाटावर मराठी हमखास कानी पडते. परवा तिथं पायऱ्यांवर बसलेल्या निवृत्त मंडळींचा विषय विश्वनाथ नव्हता, डीए म्हणजे महागाई भत्ता होता. किती टक्के वाढला, फरक कधी जमा होणार! भत्ता सरकारनं आपणहून दिला, अशीच सगळ्यांची समजूत. खरं तर त्याचं मूळ मुंबईच्या गिरण्यांत आणि दोन महायुद्धांत आहे.

पहिल्या युद्धात मालकांनी रग्गड नफा कमावला आणि धान्य महागलं. १९१७ मध्ये मजुरीवर दहा टक्के 'वॉर बोनस' सुरू झाला, पण तो मूळ पगारात मिळवला नाही. हिशेब पक्का होता. पगार कापला तर गिरणी बंद पडते. बोनस मालकाच्या मर्जीवर. १९२३ चा वार्षिक बोनस नाकारला गेला, तेव्हा १९२४ च्या सुरुवातीला सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. चौकशीसाठी नेमलेल्या मॅक्लिऑड समितीनं सांगितलं, बोनसवर तुमचा हक्कच नाही. कामगार हात हलवत परतले.

दुसऱ्या युद्धात ते शहाणे झाले होते. २ ऑक्टोबर १९३९ ला सुमारे नव्वद हजारांनी युद्धाविरुद्ध एक दिवस काम बंद ठेवलं. मार्च १९४० मध्ये भत्त्यासाठीचा संप चाळीस दिवस चालला आणि मोडला. पुढारी तुरुंगात गेले. पण भाव चढतच राहिले. रात्रपाळीचा माणूस उठून गेलेल्या वळकटीवर दिवसपाळीचा आडवा व्हायचा, खानावळवाल्या बाईची उधारी फुगायची. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. याच काळात भत्ता निर्वाहखर्चाच्या निर्देशांकाला बांधला गेला. माझ्या मते युद्धकाळातली खरी कमाई हीच. बोनससाठी मालकाच्या तोंडाकडे बघावं लागे, इथं निदान आकडा बोलत होता.

किंमतही मोजावी लागली. जानेवारी १९४२ मध्ये भारत संरक्षण नियमांत '८१-अ' घुसवला गेला: सरकारनं संपबंदी करावी, तंटा लवादाकडे धाडावा. त्यातच रशिया युद्धात उतरल्यावर लाल बावट्याच्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांनीही 'लोकयुद्धा'च्या नावानं संपाला लगाम घातला. गिरणगावानं गिळलेला हा सर्वांत कडू घास.

युद्ध संपलं तरी ८१-अ पुरता गेला नाही. त्यातली सक्तीची लवादपद्धत १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात येऊन बसली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनं तर संपाआधी चौदा दिवसांच्या नोटिशीची अट, जी पूर्वी लोकोपयोगी सेवांपुरती होती, सगळ्याच उद्योगांना लावली.