जांबला समुद्र नाही, एजंट मात्र आहे
स्तंभ : हाताला काम

बारावीचा निकाल लागला की जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी, अंबड, परतूरच्या बसस्थानकांबाहेर नव्या जाहिराती चिकटतात. पोलीस भरतीची अकादमी, नर्सिंगचं कॉलेज, आणि त्यांच्या शेजारी निळ्या पाण्यावरचं पांढरं जहाज : ‘मर्चंट नेव्ही, दहावी पास, नोकरीची हमी’. पत्ता बहुतेक वेळा नवी मुंबईचा. याच भागातल्या जांब समर्थपासून समुद्र रस्त्याने चारशे किलोमीटरहून लांब, पण समुद्राचा दलाल एका फोनच्या अंतरावर.

या पोरांच्या हौसेला नावं ठेवायचं कारण नाही. कापसाला भाव नाही, मोसंबीला पाणी नाही, दोन एकरांत दोन भाऊ. शिवाय जांबला लांब जाण्याचं भय कुणी घालावं? याच गावातून नारायण ठोसर नावाचा मुलगा, म्हणजे पुढचे समर्थ रामदास, परंपरा सांगते त्याप्रमाणे, बाराव्या वर्षी बोहल्यावरून निघाला आणि नाशिकजवळच्या टाकळीपर्यंत पायी गेला. जहाज धंद्याच्या इतिहासातही कोरड्या मुलखाचा माणूस नवा नाही. सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघालं. त्या कंपनीचे एक संस्थापक वालचंद हिराचंद सोलापूरचे. ५ एप्रिल हा आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. तेव्हा मराठवाड्याच्या पोरानं बोटीवर जाऊ नये असं मी म्हणणार नाही. जाताना बापाचं एक एकर मोडू नये, एवढंच म्हणणं आहे.

रत्नागिरीचा किंवा गोव्याचा पोरगा शंभर वर्षांपूर्वी मुंबईला बोट शोधायला यायचा, तेव्हा तो एकटा नसायचा. गोव्यातल्या गावागावांनी धोबीतलाव, गिरगावच्या भागात स्वतःच्या कुडी, म्हणजे गाववाल्यांच्या राहण्याच्या सामायिक खोल्या, काढल्या होत्या. जेर महाल या इमारतीतल्या काही अजून टिकून आहेत. भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक, एका बाजूला गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना, आणि नाममात्र भाडं. बोट लागेपर्यंत माणूस तिथं पडून राहू शकायचा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथं फुकट मिळणारी माहिती. कोणती कंपनी माणसं घेते, कोणता कप्तान बरा, कोण पैसे खातो, हे सगळं रात्रीच्या गप्पांत कळायचं. कोकणातल्या खलाशाला तोच आधार गाववाल्यांच्या खोलीत मिळत होता.

हा काळ सोन्याचा होता असं मात्र नाही. खलाशांची भरती तेव्हा सारंगांच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमांच्या, हातात असे आणि किनाऱ्यावर घाट-सारंग नावाचा मध्यस्थ बसलेला असे. तो बेकार खलाशाला उधारी द्यायचा, बोट लावून द्यायचा आणि पगारातून आपला वाटा कापून घ्यायचा. स्वातंत्र्यानंतर सरकारने मुंबई आणि कलकत्त्यात खलाशांसाठी रोजगार कार्यालयं उघडली, त्यामागे हीच पिळवणूक होती. पण गोवेकराला किंवा रत्नागिरीकराला घाट-सारंग कोण हे निदान ठाऊक होतं. त्याचे किस्से खोलीत आधीच ऐकलेले असत. जांबच्या पोराला एजंट कोण हे पैसे गेल्यावर कळतं. त्याला मुंबईत खोली नाही, आणि गावात बोटीवरून आलेला काका नाही. एजंटाचा धंदा या रिकाम्या जागेवर चालतो.

कुडीत फुकट मिळायची तसली माहिती आज गुप्त नाही. तिचा क्रम तेवढा माहीत हवा. व्यापारी जहाजांचा कारभार नौवहन महासंचालनालय पाहतं. त्याचं कार्यालय मुंबईत कांजूरमार्गला आहे, आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांची यादी त्याच्या संकेतस्थळावर आहे. खलाशी व्हायचं तर जीपी रेटिंग हा सहा महिन्यांचा निवासी कोर्स. त्यासाठी दहावी पास, एकूण ४० टक्के गुण आणि इंग्रजीतही ४० टक्के लागतात. वय साडेसतरा ते पंचवीस. अधिकारी व्हायचं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, त्यांत सरासरी ६० टक्के, इंग्रजीत ५० टक्के, आणि भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. कोर्सच्या आधी मान्यताप्राप्त डॉक्टरकडून तपासणी होते. डेकवर रंगांधळेपण चालत नाही, म्हणून डोळे आधी तपासावेत, फी नंतर भरावी. मग इंडोस क्रमांक, म्हणजे खलाशाचा नोंदणी क्रमांक, कोर्स, आणि शेवटी सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक. एजंट ‘आधी सीडीसी काढून देतो, कोर्स नंतर बघू’ म्हणाला, की तिथूनच उठावं. कुठल्या तरी परक्या देशाचं सीडीसी दाखवून पोरं गळाला लावण्याचा धंदा जुना आहे.

कोर्स संपला म्हणजे बोट लागली असं नाही, आणि खरी लूट इथंच होते. बोटीवर माणसं पाठवणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल हा सरकारी परवाना लागतो. तिचा परवाना क्रमांक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत तपासता येतो. परवानाधारक कंपनीने नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून एक रुपयाही घेणं बेकायदा आहे. भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेला सागरी कामगार करारही तेच सांगतो. पासपोर्ट, सीडीसी आणि वैद्यकीय दाखला यांचाच खर्च खलाशाने करायचा. म्हणजे ‘जॉइनिंगचे तीन लाख’ ही रक्कम मुळातच बेकायदा. ती रोख मागतात, पावती देत नाहीत, याचं कारण वेगळं सांगायला नको.

पगाराचे आकडेही जाहिरातीतल्यासारखे नसतात. अनुभवी खलाशी, म्हणजे एबल सीमन, याच्यासाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलेलं किमान मूळ वेतन २०२५ साठी महिन्याला ६७३ डॉलर होतं, म्हणजे साठ हजार रुपयांच्या आतबाहेर. ओव्हरटाइम, रजेचा पगार वर मिळतो आणि चांगल्या कंपन्या त्याहून जास्त देतात. पण नवा पोरगा ट्रेनी म्हणून चढतो, एबल सीमन व्हायला वेळ लागतो, आणि दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधले महिने बहुतेकांना पगाराविना काढावे लागतात. व्याजाने काढलेल्या पैशाचा हप्ता मात्र तेव्हाही थांबत नाही.

पैसे बुडाले तर निदान पोरगं घरी असतं. त्याहून वाईट म्हणजे तो टुरिस्ट व्हिसावर आखातात पोचतो आणि एखाद्या जुनाट जहाजावर चढतो. मालक पैसे द्यायचं बंद करतो, इंधन संपतं, आणि जहाज सोडून जाता येत नाही. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाने २०२४ मध्ये अशा वाऱ्यावर सोडलेल्या ३,१३३ खलाशांची नोंद केली. त्यांत भारतीय ८९९ होते, म्हणजे सर्वांत जास्त. मालकाने टाकून दिलेल्या खलाशाला घरी आणण्यासाठी आणि चार महिन्यांपर्यंतच्या पगारासाठी विम्याची तरतूद सागरी कामगार करारात आहे. पण बेकायदा वाटेने गेलेल्याने दाद मागायची ती कुणाकडे? त्याला पाठवणारा एजंट तर कुठल्याच यादीत नसतो.

आता आपल्याकडे पाहू. जालन्याजवळच्या ड्राय पोर्टचं भूमिपूजन २०१५ मध्ये झालं, समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पुरा झाला. जालन्याची सळई आणि बियाणं बंदरापर्यंत कसं न्यायचं यावर इतका पैसा आणि इतकी भाषणं खर्च झाली. जालन्याचा पोरगा बंदरापर्यंत कसा पोचेल, यावर एक पानही छापलं गेलेलं माझ्या पाहण्यात नाही. जालन्यात कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्र आहे. निकालाच्या आठवड्यात त्याने प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाच्या फळ्यावर तीन गोष्टी लावाव्यात : मान्य संस्थांची यादी, परवाना तपासायची पद्धत, आणि ‘नोकरीसाठी पैसे मागणं गुन्हा आहे’ हे एक ठळक वाक्य. सारथी, बार्टी, महाज्योती या सरकारी संस्था स्पर्धा परीक्षांसाठी मुलांना पुण्याला ठेवतात. सागरी प्रवेश परीक्षेचाही त्यांनी विचार करावा.

पण सरकारची वाट पाहत कुडी उभ्या राहिल्या नव्हत्या. त्या गाववाल्यांनी वर्गणी काढून उभ्या केल्या. मराठवाड्यातली काही पोरं आज बोटींवर आहेत. सुट्टीवर येतात, गावात मोटारसायकल फिरवतात, लग्नात आहेर करतात. त्यांनी चार-चार हजार काढून पनवेलकडे दोन खोल्या भाड्याने घ्याव्यात. दहा गाद्या, एक फोन, आणि एजंटाची जाहिरात पाहिल्याबरोबर ‘आधी परवाना क्रमांक दे’ म्हणणारा एक थोरला भाऊ, एवढ्याने पुष्कळ काम होईल. बापाने मुलाचे पैसे भरायच्या आधी त्या खोलीत एक रात्र काढावी. वाचलेलं एक एकर हे त्या रात्रीचं भाडं समजावं.