परिचारिकेची शंका दफ्तरी नोंदवा

रुग्णालयाच्या कारभारात परिचारिकेला हुकमाची ताबेदार समजण्याची वहिवाट इतकी जुनी आहे की, डॉक्टरांची एक फेरी संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत रुग्ण जो काळ केवळ तिच्या नजरेखाली काढतो, त्या काळात घेतल्या जाणाऱ्या निर्णयांचा धनी कोण, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. औषध कोणते व किती द्यावयाचे, हे केसपेपरवर लिहिलेले असते. परंतु रक्तदाब नुकताच उतरलेला असताना ते आत्ताच द्यावे की थोडे थांबून निवासी डॉक्टरांना फोन करावा, हे कोठेही लिहिलेले नसते. अपघात घडला की चौकशीत पहिला जबाब मात्र तिचाच घेतला जातो. जबाबदारी पुरेपूर आणि अखत्यार शून्य, अशी ही व्यवस्था आहे.

श्वासाचेच पाहा. प्रकृती ढासळू लागलेल्या रुग्णाचा रक्तदाब पुष्कळदा उशिरापर्यंत तग धरतो, श्वासाची गती मात्र त्याच्या कितीतरी आधी वाढू लागते. तथापि साध्या वॉर्डात श्वास मोजणे म्हणजे घड्याळ धरून खाटेपाशी पूर्ण मिनिटभर उभे राहणे असल्यामुळे, तक्त्यावर खाटेमागून खाटेला ‘२०’ हाच आकडा निमूटपणे उतरत जातो. जी अधिपरिचारिका ते मिनिट खर्चून ‘२८’ लिहिते, आणि संध्याकाळी चहा मागणारा हा गृहस्थ आता बोलताना मध्येच दम घेतो आहे, हे ताडते, तिच्यापाशी निदान नसते, शंका असते. ती शंका घेऊन तिने रात्री दोन वाजता फोन केला की पलीकडून ‘बीपी किती?’ एवढेच विचारले जाते, आणि बीपी ठीक असेल तर संभाषण तेथेच आटोपते.

सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयात १९९० मध्ये तातडीने धावून जाणाऱ्या वैद्यकीय पथकाची पद्धत सुरू झाली आणि पुढे ती अनेक देशांत पसरली. अशा पथकास पाचारण करण्याच्या निकषांत नाडी, श्वास व रक्तदाब यांच्या आकड्यांबरोबर ‘रुग्णाविषयी गंभीर काळजी वाटणे’ हेही एक स्वतंत्र कारण मानले गेले, आणि त्यामुळे आकडे निर्दोष असतानाही शुश्रूषा करणाऱ्याच्या काळजीला वजन आले. आपल्याकडे असे केल्यास डॉक्टरांना उठसूट हेलपाटे पडतील, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. काही हेलपाटे खरोखरच पडतील, आणि ते पडू द्यावेत.

लेखी नियमापलीकडचा परिचारिकेचा हाच विवेक खासगीपणाच्या बाबतीत अधिक नाजूक रूप घेतो. भेटीच्या वेळी खाटेभोवती गोतावळा जमतो आणि ‘सिस्टर, रिपोर्टमध्ये काय निघालं हो?’ असे दीर, मेहुणे, प्रसंगी शेजारीही बिनदिक्कत विचारतात. आपल्या समाजात त्याला आगाऊपणा मानण्याची रीत नाही. एचआयव्हीविषयीच्या २०१७ च्या कायद्याने रुग्णाच्या संमतीवाचून माहिती उघड करण्यास मनाई केली, ते योग्यच झाले. पण सासू उशाशी बसलेली असताना सुनेला तिच्या आधीच्या गरोदरपणाविषयी कसे विचारावे, हे कोणत्या कलमात सापडणार? ‘आजी, खालच्या मेडिकलमधून एवढं औषध आणता का?’ म्हणून म्हातारीला वाटेला लावणारी आणि मग हलक्या आवाजात प्रश्न करणारी परिसेविका कायदा पाळण्याहून अधिक काहीतरी करीत असते.

या विवेकाची दखल एकदा तरी सर्वोच्च पातळीवर घेतली गेली आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या नोव्हेंबरात त्याच रुग्णालयात झालेल्या अत्याचारानंतर अंथरुणाला खिळल्या. त्यांच्या दयामरणाच्या अर्जावर मार्च २०११ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार अर्जदार लेखिकेऐवजी केईएमच्या कर्मचारीवर्गाकडे असल्याचे मानले. इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण झाले नाही, ही गोष्ट वैद्यकीय अहवालातून न्यायालयापुढे आली होती. कूस वेळेवर बदलणे, टाचा व माकडहाडाजवळची त्वचा रोज न्याहाळणे, लाली दिसताच तेथील भार काढणे, ही कामे दिसावयास क्षुल्लक. परंतु रुग्णाच्या वतीने बोलण्याची पात्रता अशाच सान्निध्यातून येते.

जे न्यायासनास पटले, ते वॉर्डाच्या तक्त्यावर उतरण्यास हरकत नसावी. परिचारिकेच्या शंकेसाठी तेथे एक रकाना ठेवावा. तो भरला गेला की डॉक्टरांनी ठरावीक मुदतीत रुग्णास तपासून सहीनिशी अभिप्राय लिहावा. आणि शंका फोल ठरली म्हणून तिला कोणी खडसावू नये. एवढी तजवीज सार्वजनिक आरोग्य विभागाला परिपत्रकाने करता येईल. मात्र इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या मानकाप्रमाणे अध्यापन रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, हे विसरून रात्रपाळीला भरलेल्या वॉर्डात एकटीदुकटीला उभे करायचे आणि वर हा रकाना भरून मागायचा, तर तिने पुन्हा ‘२०’ लिहिल्यास तिचा कसूर धरता येणार नाही.