आजीचं आडनाव काय होतं?

तुमच्या आजीचं माहेरचं आडनाव काय? पटकन सांगा. आईला फोन करायचा नाही, फॅमिली ग्रुपवर विचारायचं नाही.

नाही ना आलं? मलाही आलं नव्हतं. आईचं माहेरचं आडनाव आपल्याला पाठ असतं, कारण बँकवाले सिक्युरिटी क्वेश्चन म्हणून तेच विचारतात. आजीचं कुणी विचारतच नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की ते विचारायला आपणच निघावं. आणि त्यासाठी फार प्लॅन करत बसू नये.

हे शहाणपण मला अपघातानेच आलं. जानेवारीतला लाँग वीकेंड होता. मी, माझा आतेभाऊ आणि त्याची सेकंडहँड गाडी. अलिबागचं ठरलं होतं, पण आदल्या रात्री होमस्टेवाल्याने बुकिंग रद्द केलं. सकाळी सात वाजता भरलेल्या बॅगा घेऊन आम्ही हडपसरला चहा पीत बसलो होतो. तसंच घरी परतायचं म्हणजे नामुष्कीच! तेवढ्यात तो म्हणाला, "आजीच्या गावाला जाऊ या?"

"म्हणजे आपल्याच गावाला ना?"

"ते आजोबांचं गं. आजीचं कुठलं?"

आजीला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. वीस वर्षं तिच्या हातचं खाल्लं, तिच्या कुशीत झोपले, आणि ती कुठून आली हे मला सांगता येईना. बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "म्हसवडच्या अलीकडे एक वाडी आहे. मामा गेल्यापासून कुणाचं जाणं नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "कशाला जाताय पण?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आम्ही निघालो.

दिवे घाट, सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, फलटण. फलटणपर्यंत उसाच्या ट्रॉल्या पुढे काढून काढून कंटाळा येतो. मग मोगराळे घाट चढून वर आलं, की चित्रच बदलतं. उजाड माळ, बाभळी, लांबवर मेंढरांचे कळप. हा माणदेश. सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या वाट्याला जेमतेम त्याचा दहावा हिस्सा येतो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचली होती, त्यामुळे हा मुलूख आपल्याला माहितीये असा माझा समज होता. पण माझी स्वतःची आजी याच मातीतली, हे डोक्यात कधी जोडलंच गेलं नव्हतं.

दहिवडी, गोंदवले मागे टाकून पुढे आलो. दोन टपऱ्यांवर आडनाव सांगून विचारलं आणि घर सापडलं. बाबांचे मामेभाऊ, म्हणजे आमचे काका, गोठ्यात होते. ओळख सांगितली. त्यांनी बसायला सतरंजी टाकली, पाणी दिलं, चहा दिला. मग बराच वेळ जमिनीकडे बघत त्यांनी विचारलं, "वाटणीचं काय काढलंय का घरच्यांनी?"

आम्ही दोघंही गोरेमोरे झालो. "नाही हो काका, नुसतं बघायला आलोय."

"बघाया? हितं काय हाय बघण्यासारखं?"

त्या क्षणी मला राग आला होता, पण परतीच्या वाटेवर त्यांचं बरोबर वाटायला लागलं. लग्न होऊन गेलेल्या बहिणीकडचं कुणी इतक्या वर्षांनी दारात उभं राहतं, ते बहुतेक सातबाऱ्यासाठीच. २००५ च्या कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क दिला. तरी आजही किती जणी हक्कसोडपत्रावर सही करतात, तुमच्याच घरात विचारून बघा. कारणही एकच सांगतात: माहेर तुटू नये. माझ्या आजीनेही वडील गेल्यावर अंगठा दिला होता, हे मला तिथे कळलं. जमीन सोडली ती माहेर राहावं म्हणून, आणि भाऊ गेल्यावर माहेरही सुटलं. तिच्या हातात काय उरलं, असं आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही.

मग काकांची आई बाहेर आली. आजीची वहिनी. सत्तरी ओलांडलेली, नजर अधू. माझा चेहरा हाताने चाचपून ती कुणाबद्दल तरी भराभर बोलायला लागली. १९७२ चा दुष्काळ, पाझर तलावाचं काम, दोघी शेजारीशेजारी बसून खडी फोडायच्या, हाताला फोड आले की एकमेकींना पदराच्या चिंध्या बांधायच्या. कामावर मिळणारी सुकडी घरच्या लहानग्यांसाठी लपवून आणायच्या. (त्याच दुष्काळातून पुढे रोजगार हमी योजना राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मी हे परीक्षेसाठी पाठ केलं होतं. पाच मार्कांना!) बोलताना ती सारखं एक नाव घेत होती. न राहवून मी विचारलं, "ही कोण?"

ती हसायलाच लागली. "अगं, तुजी आजी की!"

लग्नात आजीचं नाव बदललं होतं. सतरा वर्षं ती ज्या नावाने वाढली, ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. बाबांनाही अंधुक आठवत होतं. त्या नावाने तिला ओळखणारं माणूस आता बहुधा एकच उरलंय, आणि ते त्या ओसरीवर बसलेलं आहे.

आता मुद्द्यावर येते. 'रूट्स' शोधायची फॅशन आहे, हे मलाही दिसतं. कौलारू घर, चूल, स्लो मोशनमध्ये भाकरी आणि मागे बासरी. त्या रीलमध्ये 'आपलं गाव' म्हणून जे दिसतं ते बहुतेक वेळा आजोबांचं असतं. कुलदैवत त्यांचं, जत्रा त्यांची, आडनाव त्यांचं. आजी तिथे सून म्हणून आलेली असते. आपल्यातला निम्मा भाग जिथून आला, तो गाव आपल्या नकाशावरच नाही. त्यामुळे मुळं शोधायचीच असतील, तर तिथून सुरुवात करा.

आणि प्लॅन का नको? कारण अशा गोष्टीचा प्लॅन घरात मांडला की मीटिंग बसते. "आता कोण ओळखतंय तिथे?" "त्यांना वाटेल हिस्सा मागायला आले." "आधी कळवायला पाहिजे." "उन्हाळ्यात बघू." असे तीन उन्हाळे जातात, आणि ओसरीवरचं माणूसही जातं. मोठ्यांचे अबोले मोठ्यांपाशी राहू देत. आपल्या पिढीचं कुणाशी भांडण नाही, आपल्याला नुसतं गाडीत बसायचं आहे. गाडी नसेल तर एसटी आहेच.

तुम्ही म्हणाल, न कळवता कुणाच्या दारात जाणं बरं का? ते आपल्या कामात, आपण आपल्या भावना घेऊन हजर! हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून बिनप्लॅन जा, पण बिनडोक जाऊ नका. सगळी गँग नेऊ नका. खाऊ न्या, आजीचा एखादा जुना फोटो न्या. जमिनीसाठी आलो नाही, हे पहिल्या चहालाच स्पष्ट सांगा. मोबाइल खिशात ठेवा. ऐकलेलं त्याच रात्री लिहून काढा. आणि एकदा जाऊन आलात की निदान दिवाळीला फोन करा, नाहीतर तुमच्यात आणि टूरिस्टात फरक काय राहिला?

निघताना काका गाडीपर्यंत आले. डिकीत ज्वारीचं अर्धं पोतं ठेवलं आणि म्हणाले, "पुढच्या टायमाला मुक्कामाला या. वाटणी मागितली तरी चालंल." आम्ही तिघंही हसलो.

घरी आल्यावर मी आजीच्या फोटोखाली तिचं पहिलं नाव लिहिलं. बाबा बराच वेळ त्या चिठ्ठीसमोर उभे होते. ते नाव मी इथे सांगणार नाही, ते आमच्या घरचं आहे. तुमचं तुम्ही शोधा. बॅग भरलेली असेल आणि बुकिंग रद्द झालं असेल, तर आजच निघा.