जुन्या विभागाला एक फोन

पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. २०१४ पासून ते सावित्रीबाई फुले यांचे नाव लावते. पुणे, नाशिक, अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या गावांतून इथे येणारी कितीतरी मुले-मुली घरातली पहिलीच पदवीधर असतात. गुण असतात, मेहनत असते. पण बायोडेटात काय लिहावे, मुलाखतीत पगाराविषयी कसे बोलावे, हे विचारायला ओळखीचे कोणी नसते. शहरातल्या नोकरदार घरांत हे जेवता जेवता कानावर पडते. ही उणीव माजी विद्यार्थ्यांनीच भरून काढायला हवी, असे मला ठामपणे वाटते. नोकरीचे आश्वासन मात्र देऊ नये; आपल्या क्षेत्रातले खरे चित्र सांगावे, अगदी पहिल्या पगाराच्या आकड्यासकट. वाचकहो, या सत्रात आपल्या जुन्या विभागाला फोन करा आणि एका तरी विद्यार्थ्याची जबाबदारी मागून घ्या.