कोवळ्या गुणांचा सौदा

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा होतो, तेव्हा व्यापारी ढेप फोडून रंग पाहतो, कण पाहतो, चव घेतो आणि मगच बोली लावतो. माल तयार असतो. पारख चुकलीच तर फार तर भाव चुकतो. काहिलीत रस उकळत असताना मात्र त्यावर कोणी बोली लावत नाही. जे शहाणपण गुळाच्या व्यापाऱ्याला आहे, ते आजच्या क्रीडाव्यवसायाला नाही. तेथे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचा सौदा होतो आणि त्या सौद्याला ‘गुणवत्तेची पारख’ असे भारदस्त नाव दिले जाते.

या पद्धतीचे सर्वांत प्रगत रूप अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये दिसते. तेथे दरवर्षी नवोदित खेळाडूंची ‘ड्राफ्ट’ नावाची वाटणी होते. संघ आळीपाळीने खेळाडू निवडतात. ज्याला ज्या संघाने निवडले, त्याच संघाशी त्याने करार करायचा. मुलांची उंची मोजतात, हातांचा पल्ला मोजतात, उडी मोजतात. असे मोजमाप करूनही निकाल काय? १९८४ साली मायकेल जॉर्डन हा तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्या आधी निवडलेला सॅम बोवी दुखापतींनी जर्जर झाला. २०१४ साली चाळीस खेळाडू निवडून झाल्यावर एक्केचाळिसावा म्हणून ज्याची वर्णी लागली, तो निकोला योकिच पुढे २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१५ साली पंजाबच्या खेड्यातील सतनाम सिंग बावन्नावा निवडला गेला, त्याचा आपल्याकडे केवढा गाजावाजा झाला. पण त्या लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. उडी मोजता येते. जिद्द, समज आणि दुखापतीनंतर पुन्हा उभे राहण्याचे बळ मोजण्याची फूटपट्टी कोणत्याही शेठजीच्या दुकानात मिळत नाही.

हीच बाजारपेठ आता मराठी मातीत उतरली आहे. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि गावोगावच्या मैदानावरील खेळाडू लिलावाच्या पाटीवर आला. चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाई याचे उदाहरण कोल्हापूरकरांच्या डोळ्यांसमोर आहे. २०१८ साली त्याची किंमत ३६.४ लाख रुपये ठरली. एका हंगामातील चढायांनंतर २०१९ साली तोच खेळाडू १ कोटी ४५ लाखांना गेला. पुढे खांदा दुखावला आणि भाव कोसळला. २०२३ साली तो पुन्हा १ कोटीवर चढला. माणूस तोच, मेहनत तीच. मग या चढउताराला गुणवत्ता म्हणायचे की बाजारभाव? बाजार गुण मोजत नाही. मालकाला होऊ शकणाऱ्या नफ्याचा अंदाज मोजतो. अंदाज चुकला तर मालकाच्या हिशेबात एक आकडा तांबडा होतो. मुलाच्या आयुष्यातील दहा वर्षे मात्र वाया जातात.

लिलावाचे समर्थक म्हणतील, ‘गरिबाघरची पोरे लखपती झाली, हे तुम्हां समाजवाद्यांना का खुपते?’ ते मुळीच खुपत नाही. शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती पैसा आला, याचा आनंदच आहे. प्रश्न आहे तो हिशेबाचा. बारा संघ, प्रत्येक संघात जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू. म्हणजे साऱ्या देशात जागा तीनशे. २०२३ च्या लिलावात प्रत्येक संघाला खर्चाची कमाल मर्यादा ५ कोटींची होती, म्हणजे बारा संघांची मिळून ६० कोटी. आणि २०२१ ते २०२५ या पाच हंगामांचे प्रक्षेपणाचे हक्क विकले गेले ते सुमारे ९०८ कोटींना, म्हणजे हंगामाला १८० कोटींहून अधिक रकमेला. ज्याच्या घामावर खेळ उभा आहे, त्याच्या मजुरीला कमाल मर्यादा. ज्याच्या भांडवलावर उभा आहे, त्याच्या नफ्याला मर्यादा नाही! मुक्त बाजारपेठेचे हे पुजारी मजुरीपाशी येताच मुक्ततेचा मंत्र सोयीस्करपणे विसरतात.

त्याहून गंभीर प्रश्न आहे तो खर्चाचा. हा खेळाडू घडवतो कोण? गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींतील कोणत्याही पोराची चौकशी करावी. बाप दूध-बदामाच्या खुराकासाठी सोसायटीचे कर्ज काढतो, आई घरच्या म्हशीचे तूप बरणीत भरून पाठवते, वस्ताद पहाटे चारला उठून माती खणून घेतो. कबड्डीतही तेच. गावचे तरुण मंडळ, जिल्हा परिषदेच्या शाळेचे मैदान आणि एखादा पदरमोड करणारा शिक्षक यांनी मुलगा उभा केलेला असतो. घडवण्याचा सारा खर्च समाजाचा, नाकारले जाण्याचा सारा तोटा कुटुंबाचा आणि यशाचे पीक तेवढे मालकाचे, अशी ही वाटणी आहे.

या पार्श्वभूमीवर राजर्षी शाहू महाराजांची दृष्टी आठवावी. त्यांनी १९१२ साली खासबागेचे मैदान उभारले, तालमींना आश्रय दिला आणि दूरदूरच्या मल्लांना येथे आणले. तोही राजाश्रय होता आणि राजाश्रयाला मर्जीची मर्यादा असतेच, हे मान्य केले पाहिजे. परंतु मर्जीपलीकडचे एक तत्त्व त्यांनी घालून दिले. १९०२ साली त्यांनी मागासलेल्यांसाठी ५० टक्के जागा राखल्या, तेव्हा विरोधकांचा आक्षेप ‘गुणवत्तेचे काय?’ हाच होता. त्यावर सांगितली जाणारी घोड्यांच्या चंदीची गोष्ट कोल्हापुरात पोरासोरांनाही ठाऊक आहे. एकत्र चंदी टाकली की दांडगे घोडे सारी फस्त करतात, म्हणून अशक्तांची चंदी वेगळी ठेवावी लागते. गुणवत्ता संधीच्या आधी मोजायची नसते, संधी दिल्यानंतर मोजायची असते, हा तिचा अर्थ. लिलाव याच्या नेमके उलट करतो. आधी मोजतो आणि मोजमापात उतरेल त्यालाच चंदी टाकतो.

आणि पारख करणारे तज्ज्ञ चुकतात, याचा सर्वांत मोठा पुरावा याच भूमीत आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयात शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. तरीही १९५२ च्या निवडीत त्यांना डावलण्यात आले. दाद मागितल्यावर फेरलढत झाली, ती त्यांनी जिंकली. प्राचार्यांनी राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, गावकऱ्यांनी वर्गणी जमवली आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक हेलसिंकीहून आले. दाद मागण्याची सोय नसती आणि समाज पाठीशी नसता, तर ‘तज्ज्ञांची पारख’ अचूक होती असेच इतिहासाने लिहून ठेवले असते.

निवड करू नये, असे कोणी म्हणत नाही. संघात सातच जण उतरतात. निवड अटळ आहे. परंतु ती चुकू शकते, हे मान्य करणारी व्यवस्था हवी. नवोदितांच्या करारात शिक्षण पूर्ण करण्याची हमी असावी. दुखापतीचा विमा मालकाच्या खर्चाने आणि खेळ थांबल्यानंतरही चालू राहणारा असावा. निवडीची कारणे लेखी द्यावीत आणि त्यांविरुद्ध दाद मागता यावी. युरोपच्या भांडवलशाही फुटबॉलमध्येसुद्धा खेळाडूच्या हस्तांतरणाच्या रकमेतील ५ टक्के वाटा त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांना द्यावा लागतो. मग येथील तालमीला, तरुण मंडळाला आणि शाळेला तो का मिळू नये?

या मागण्या मालकांच्या औदार्यावर सोडून भागणार नाही. अमेरिकेच्या बास्केटबॉलपटूंनी १९५४ साली आपली संघटना उभारली आणि १९६४ साली, मोठा सामना सुरू होण्याच्या घटकेला, निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळेपर्यंत मैदानात उतरायचे नाकारले. मालकांना नमवले ते त्या नकाराने. ऊसदरासाठी आणि गिरणीतल्या मजुरीसाठी लढलेल्या चळवळीने खेळाडू हाही श्रमिक आहे, हे ओळखले पाहिजे. कार्यकर्त्यांनी गावोगावच्या तालमींत आणि कबड्डीच्या मैदानांवर जावे, पोरांचे करार वाचून दाखवावेत, त्यांतील कलमांचा अर्थ समजावून द्यावा आणि त्यांची संघटना बांधावी. ज्या पोराला बोली लागली त्याचा सत्कार गाव करतेच. ज्याला बोली लागली नाही, त्याच्या दारीही चळवळीचा कार्यकर्ता उभा राहिला पाहिजे.